मोल कशाचं? संयुगातले अणू मोजताना लेक अडखळते, कसं समजवू?

खाडीकाठ | ११ जुलै, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमची सुपारी-नारळाची वाडी आहे. लेक यंदा अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीतून. पहिल्याच धड्यात मोल (अणू-रेणू मोजायचं एकक) आले आणि गाडं अडलं.

काल पावसाने लाइट गेली होती. चार्जिंगच्या दिव्यावर पडवीत दोघं वही घेऊन बसलो. गणित असं: अ‍ॅल्युमिनियम सल्फेट ०.२५ मोल आहे, त्यात ऑक्सिजनचे अणू किती? तिने ०.२५ ला ४ ने गुणलं, १ मोल आला, उत्तर लिहिलं ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. पुस्तकात उत्तर बरोबर तिप्पट. दुसरं गणित उलट्या बाजूचं: कॅल्शियम कार्बोनेटच्या एका नमुन्यात ऑक्सिजनचे अणू ३.०११ गुणिले १० चा २३ वा घात आहेत, तर कॅल्शियम कार्बोनेट किती मोल? इथे तिने ३ ने गुणलं, भागायचं होतं.

शेवटी वही मिटून म्हणाली, "बाबा, गुणायचं कधी आणि भागायचं कधी, एवढंच सांगा." मला सांगता आलं नाही. क्लासात सूत्र पाठ करायला सांगतात. पाठ तिला आहेच, पण कुठलं कुठे लावायचं ते कळत नाही. इथे शिक्षक मंडळी आहेत, जाणकार आहेत. कसं समजवू?

पानवेल | ११ जुलै, रात्री ९:३०

मोल हा शब्दच घोटाळ्याचा आहे हो. आपल्या कानाला मोल म्हणजे किंमत. कवडीमोल, अनमोल, मोलमजुरी. माझा मुलगा नववीत असताना आजीने विचारलं होतं, "एक मोल मीठ? केवढ्याला दिलं?" :)

चाकरमानी_डोंबिवली | ११ जुलै, रात्री १०:०५

खाडीकाठ, गुणायचं की भागायचं हा प्रश्नच लेकीला पडू देऊ नका. एककं लिहायची सवय लावा. "०.२५ मोल" एवढंच लिहायचं नाही, "०.२५ मोल अ‍ॅल्युमिनियम सल्फेट" लिहायचं. त्यापुढे अपूर्णांक मांडायचा: वर "१२ मोल ऑक्सिजन अणू", खाली "१ मोल अ‍ॅल्युमिनियम सल्फेट". वरचं-खालचं सारखं नाव कटतं आणि हवं ते नाव उरतं. नाव कटत नसेल तर अपूर्णांक उलटा करायचा. मी इंजिनिअरिंगला हेच करून तरलो.

देवगड_पेटी | ११ जुलै, रात्री १०:२०

आंब्याच्या भाषेत सांगा. डझन म्हणजे १२ आणि मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, बाकी फरक काही नाही. पाच डझनाच्या पेटीत आंबे किती, तर साठ. डझनाचे आंबे करताना गुणायचं, आंब्यांचे डझन करताना भागायचं. आमच्याकडे चौथीतलं पोर हंगामात हा हिशेब तोंडी करतं.

खारवी_हर्णै | ११ जुलै, रात्री १०:४१

@देवगड_पेटी, उपमा चांगली आहे, पण खाडीकाठच्या लेकीची चूक तिथे नाहीच. मोलांना त्या मोठ्या आकड्याने गुणायचं हे तिला येतंय. ती अडली संयुगात. पेटीत सगळे आंबेच असतात. संयुगात एका पुडीत तीन जातीचा माल असतो आणि प्रत्येकाचे नग वेगळे. डझन सांगून ते सुटत नाही.

रसायनवाली | ११ जुलै, रात्री ११:१५

खारवींनी नेमकं बोट ठेवलं. मी २८ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात रसायनशास्त्र शिकवलं, दरवर्षी निम्मा वर्ग इथेच अडखळताना पाहिला. खाडीकाठदादा, लेकीची हुशारी कमी पडत नाहीये. ती एक प्रश्न विचारायचा विसरते: मोल कशाचं?

मोल नुसतं कधी नसतं. डझन म्हटलं की "कशाचा?" असं आपण लगेच विचारतो, मोल म्हटलं की विचारत नाही. "एक मोल ऑक्सिजन" हे वाक्य अर्धवट आहे. ऑक्सिजन अणूंचं एक मोल असेल तर १६ ग्रॅम. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूंचं असेल तर ३२ ग्रॅम, कारण एका रेणूत दोन अणू. शब्द तेच, वजन दुप्पट.

आता तिचं पहिलं गणित. अ‍ॅल्युमिनियम सल्फेटच्या सूत्रात सल्फेट कंसात आहे आणि कंसाबाहेर ३ आहे. कंसाबाहेरचा आकडा आतल्या सगळ्यांना लागतो. एका सल्फेटमध्ये ऑक्सिजन ४, असे सल्फेट तीन, म्हणजे ऑक्सिजन चार त्रिक बारा. सबंध मोजदाद: अ‍ॅल्युमिनियम २, गंधक ३, ऑक्सिजन १२, एकूण १७ अणू. तिने कंसाबाहेरचा ३ सोडला, म्हणून उत्तर एक तृतीयांश आलं. ०.२५ मोल संयुग म्हणजे ०.२५ गुणिले १२, म्हणजे ऑक्सिजन अणूंचे ३ मोल. त्याला मोठ्या आकड्याने गुणा: १.८०७ गुणिले १० चा २४ वा घात.

दुसरं गणित उलट्या वाटेने. ३.०११ गुणिले १० चा २३ वा घात हे ऑक्सिजनचे *अणू*. मोठ्या आकड्याने भागले की ऑक्सिजन अणूंचा अर्धा मोल. कॅल्शियम कार्बोनेटच्या प्रत्येक पुडीत ऑक्सिजन ३, तर पुड्या अणूंपेक्षा कमीच असणार. म्हणून ३ ने भाग: ०.१६७ मोल.

आकडेमोडीआधी तिला एवढंच विचारा: उत्तर आहे त्याहून मोठं यायला हवं की लहान? पुडी सोडली की नग वाढतात, नग बांधले की पुड्या कमी होतात. हे मनाशी ठरलं की गुणाकार-भागाकार आपोआप ठरतो.

चाकरमानी_डोंबिवली | ११ जुलै, रात्री ११:२८

बाई, सहमत. पण परीक्षेत वेळ कुठे असतो एवढा विचार करायला? एककं कटवणं ही पद्धत चुकू देत नाही.

रसायनवाली | ११ जुलै, रात्री ११:४०

चुकू देते हो. अपूर्णांकात १२ च्या जागी ४ लिहिलं तर नावं अगदी सुरेख कटतात आणि उत्तर चुकीचंच येतं. लेकीचं तेच झालं. तुमची पद्धत वाट चुकू देत नाही हे मला मान्य, मी वर्गात तीच वापरायचे. पण पुडीत नग किती ते सूत्र वाचून आधी मोजावंच लागतं.

वेंगुर्ल्याची_सई | १२ जुलै, सकाळी ७:५०

रात्रीच वाचलं होतं, आता लिहिते. बाईंनी "पुडी" म्हटलं ते फार आवडलं, कारण क्लासात सगळीकडे "रेणू" म्हणतात आणि मिठाला रेणू नसतोच! माझं माहेर शिरोड्याचं. १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडं. लहानपणी मिठागरात ढीग बघायला जायचो. फराटीने ओढलेलं मीठ बांधावर सुकायला ठेवलेलं असायचं. एक खडा तळहातावर घेऊन उन्हात धरला की चौकोनी कडा दिसायच्या. त्या खड्यात सोडियम आणि क्लोरिन एकाआड एक रचलेले असतात. कुठलाही सोडियम कुठल्याही एका क्लोरिनच्या मालकीचा नसतो. म्हणून तिथे रेणू म्हणत नाहीत, सूत्र एकक म्हणतात. मोजायची रीत मात्र तीच. एक मोल मीठ म्हणजे ५८.४ ग्रॅम, त्यात सोडियम एक मोल, क्लोरिन एक मोल, मिळून आयनांचे दोन मोल.

पानवेल | १२ जुलै, सकाळी ८:१०

म्हणजे आजीला आता उत्तर देता येईल. एक मोल मीठ, ५८ ग्रॅम, मूठभर!

झिलाचो_बापूस | १२ जुलै, सकाळी ९:०२

ह्या बरा सांगितलास. माझ्या झिलाक वाचूक देतंय.

निळा_डबा | १२ जुलै, दुपारी १:३५

विषय माझ्या रोजच्या कामाचा निघाला म्हणून मोठं लिहितो. श्रीवर्धनकडे सुपारीची बाग आहे. कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतो, मग चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून पुन्हा. एक टक्क्याचं प्रमाण सगळ्यांना पाठ असतं: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी.

मोरचूद फडक्यात बांधून प्लास्टिकच्या पिंपात पाण्याला टेकेल इतपत लोंबत ठेवायचं. रात्रभरात विरघळतं. पुरचुंडीतून निळ्या रेघा खाली उतरताना दिसतात, एकदा पाहिल्या की विसरत नाही. लोखंडी भांडं अजिबात वापरायचं नाही, का ते पुढे येईल.

आता मोल. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पण निळा खडा एकटा नसतो. त्याच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. पाण्यासकट मोलचं वजन २४९.७ ग्रॅम, पाण्याविना १५९.६. खडा तव्यावर तापवला की पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी राहते. माझा भाचा १ किलो मोरचुदातलं तांबं काढताना १५९.६ ने भागून बसला, सव्वासहा मोल आले. खरे ४ मोल. दीडपटीहून जास्त चूक!

खाडीकाठ, लेकीला हेच गणित द्या, कंसापेक्षा कठीण आहे. १ किलो मोरचूद म्हणजे ४ मोल. तांब्याचा एकेकच अणू, म्हणून तांबं ४ मोल, वजनाने सुमारे २५४ ग्रॅम. अणू म्हणाल तर २.४ गुणिले १० चा २४ वा घात. ऑक्सिजन मात्र सल्फेटमधले ४ आणि पाच पाण्यांचे ५, मिळून ९. म्हणजे ३६ मोल. हायड्रोजन पाच पाण्यांचे १०. एका एककात सगळे मिळून २१ अणू.

आणि ज्याने माझे डोळे उघडले ते हे. आपण म्हणतो मोरचूद आणि चुना एकास एक. ते वजनाने. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मोलला ५६ ग्रॅम. १ किलोत जवळपास १८ मोल. म्हणजे नगांनी मोजलं तर तांब्याच्या एका अणूमागे कॅल्शियमचे जवळजवळ साडेचार. वजन सारखं म्हणजे नग सारखे नव्हेत, ही एक गोष्ट मला वयाच्या चाळिशीत बोर्डोच्या पिंपाने शिकवली.

खाडीकाठ | १२ जुलै, दुपारी २:१०

निळा_डबा, मी हे मिश्रण दरवर्षी करतो आणि कधी असा विचार केला नाही! आमच्याकडे विळ्याचं पातं बुडवून बघतात, तांबूस झालं तर चुना वाढवतात. त्याचाही संबंध आहे का?

निळा_डबा | १२ जुलै, दुपारी २:३०

तोच तर. चुना कमी पडला की विरघळलेलं तांबं पाण्यात मोकळं राहतं. लोखंडाचा एक अणू पाण्यात उतरतो आणि तांब्याचा एक अणू पात्यावर बसतो, नगास नग. तो तांबूस थर म्हणजे निव्वळ तांबं. तसं मिश्रण फवारलं तर पानं करपतात. लोखंडी पिंप याच कारणाने नको.

देवगड_पेटी | १२ जुलै, दुपारी ३:००

माझ्या डझनाला तुम्ही सगळ्यांनी मोडीत काढलंत :) पण पेटी सोडत नाही. भेटीची पेटी धरा, दोन हापूस, एक पायरी, तीन केशर. अशा ५० पेट्या. पायरी किती? ५०. केशर? १५०. उलट, गाडीतून ९० केशर उतरले, तर पेट्या किती? ३०. आता बसलं का संयुगात?

खारवी_हर्णै | १२ जुलै, दुपारी ३:०८

आता शंभर टक्के बसलं. +१

दिवा_लावते | १२ जुलै, सायंकाळी ६:४५

मला एक शंका. आमच्या वेळी व्याख्या होती: १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके म्हणजे एक मोल. मुलाच्या पुस्तकात नुसता आकडा दिलाय. कोण चूक?

रसायनवाली | १२ जुलै, रात्री ८:२०

दोघंही आपापल्या काळात बरोबर. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या बदलली. आता एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके नग, कार्बनचा आधार काढून घेतला. आधी वजन ठरवलेलं होतं आणि आकडा मोजावा लागायचा, आता आकडाच ठरवून टाकलाय. शाळेच्या गणितात उत्तर बदलत नाही, पण मोल ही मोजणी आहे, वजन नव्हे, हे नव्या व्याख्येतून उघड दिसतं. म्हणून मला ती आवडते.

मुलांना हेही सांगावं की ज्यांचं नाव त्या आकड्याला आहे त्या अ‍ॅव्होगॅड्रोंना तो आकडा ठाऊक नव्हता. १८११ मध्ये त्यांनी एवढंच मांडलं की सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणू सारखेच असतात. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. १८६५ मध्ये लोश्मिट यांनी रेणूच्या आकाराचा पहिला अंदाज बांधला. अ‍ॅव्होगॅड्रोंचं नाव आकड्याला दिलं ते १९०९ मध्ये पेरँ यांनी. त्यांना पुढे १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि "मोल" हा शब्द जर्मन "मोलेक्यूल"वरून आला, ओस्टवाल्ड यांनी रूढ केला. पानवेल, तुमच्या आजीच्या मोलाशी त्याचं नातं नाही.

चाकरमानी_डोंबिवली | १२ जुलै, रात्री ९:१५

आकडा केवढा मोठा हे मात्र पोरांना जाणवत नाही. मी आज लोकलमध्ये बसून हिशेब केला. वाळूचा दाणा १ मिलिमीटर बाजूचा ठोकळा धरा, मध्ये फट नाही. असे एक मोल दाणे म्हणजे ६ लाख २ हजार घन किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर. सगळी वाळू राज्यभर सारखी पसरली तर थर १९५० मीटरच्या वर जातो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर.

आणि पाण्याचे तेवढेच रेणू १८ ग्रॅममध्ये. एक घोट.

वेंगुर्ल्याची_सई | १२ जुलै, रात्री ९:२२

अंगावर काटा आला वाचून. एका घोटात!

खारवी_हर्णै | १२ जुलै, रात्री ९:४०

चाकरमानी, दाणा एवढा मोठा का धरलात? आमच्या किनाऱ्याची वाळू त्याहून बारीक.

चाकरमानी_डोंबिवली | १२ जुलै, रात्री ९:४४

बाजू निम्मी केली तर आकारमान आठव्या हिश्शावर येतं. तरी थर अडीचशे मीटरच्या आसपास राहतोच :)

खाडीकाठ | १३ जुलै, रात्री ८:३०

मंडळी, कालचं सगळं लेकीला वाचून दाखवलं. आज दुकानातून इलेक्ट्रिक काटा आणला. पडवीत चार वाट्या मांडल्या. पाणी १८ ग्रॅम, वाटीचा तळ जेमतेम झाकला. मीठ ५८ ग्रॅम. साखर ३४२ ग्रॅम, ती वाटीत मावेना म्हणून पातेल्यात. आणि गेल्या उन्हाळ्यातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या परसात पडलेल्या होत्या, त्या धुऊन सुकवून १०० ग्रॅम. शिंपली बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच, मोलला १०० ग्रॅम, म्हणून त्या निवडल्या.

चारी वाट्यांत एककं सारखी, एकेक मोल. बराच वेळ ती नुसती बघत बसली. मग विचारलं, "मग अणू पण सारखे?" मी काही बोललो नाही. तिनेच वहीत लिहिलं: पाणी ३ मोल अणू, मीठ २, शिंपली ५, साखर ४५. साखरेचे ४५ तिने सूत्र बघून काढले, १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन. आई स्वयंपाकघरातून ओरडली, साखर डब्यात परत टाका म्हणून.

मोरचुदाचं गणितही सोडवलं. ऑक्सिजनला आधी ५ म्हणाली, मग स्वतःच "नाही, सल्फेटचे चार राहिले" म्हणून ९ केले.

रसायनवाली | १३ जुलै, रात्री ८:५५

वाचून डोळे भरून आले दादा. साखरेच्या पातेल्यापुढे बसलेली ती पोर मला दिसतेय. तिला माझ्याकडून एक द्या, आणि या वेळी तुम्ही काही सांगू नका: शिंपल्यांच्या एका ढिगात ऑक्सिजनचे अणू ९.०३३ गुणिले १० चा २३ वा घात आहेत. सगळं कॅल्शियम कार्बोनेटच धरायचं. ढीग किती ग्रॅमचा?

देवगड_पेटी | १३ जुलै, रात्री ९:०१

मला पण करू दे. दीड मोल ऑक्सिजन अणू... पुढचं नाही सांगत, लेक वाचत असेल.

खाडीकाठ | १३ जुलै, रात्री ९:३७

तिने आधी वहीत वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "मोल कशाचं? ऑक्सिजन अणूंचं." मग दीड मोल, मग ३ ने भागून अर्धा मोल कॅल्शियम कार्बोनेट, मग ५० ग्रॅम. भागायचं का, विचारलं तर म्हणाली, "पुड्या नगांपेक्षा कमी असतात."

आता काट्यावर एकेक शिंपली ठेवून ५० होतात का बघतेय. सत्तेचाळीसवर आलीय.